पाच शब्दांचे साहेब

वाक्य पाच शब्दांच्या वर गेलं की ते गृहस्थ पेन्सिल उचलायचे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांवर मोजायचे आणि सहाव्या शब्दाला बोट उरलं नाही की चेहरा असा करायचे, जणू समोरच्याने जेवणाच्या ताटाला पाय लावला. "पाचच्या वर गेलं का ते भाषण होते, मॅडम," असं त्यांचं मत होतं. हे मत दुसऱ्यांच्या वाक्यांबद्दल. स्वतः बोलायला लागले की आमच्या डब्यांतल्या पोळ्या वाळून जायच्या.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तू त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नेमकं काय करायचीस, असं तुम्ही दोघं मला दर फोनला विचारता. आजीला घरी करमत नव्हतं म्हणून ती जायची, असं तुमच्या बाबाने सांगितलं आहे, ते मला ठाऊक आहे. ते अर्धंच खरं आहे. मी तिथे दीड वर्ष भाषा तपासली, रोज दहाला गेले, पाचला परतले, आणि एक माणूस फार जवळून पाहिला. त्याचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना 'सर' म्हणत. मीही म्हणत असे, कारण ऑफिसची ती रीत होती. तीस वर्षं मुलांनी मला ज्या अर्थाने 'मॅडम' म्हटलं, त्या अर्थाने नव्हे.

ऑफिस नागपुरातल्या सदर भागात, चपलांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. माणसं जेमतेम दहा. तुम्ही ज्याला एपीआय म्हणता, त्याला आमचे सर 'खिडकी' म्हणायचे. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर आपण प्रश्न विचारतो आणि आतला माणूस उत्तर देतो, तसं एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या खिडकीशी जाऊन विचारतं, ते उत्तर देतं. ते उत्तर दरवेळी बरोबर येतं की नाही, हे तपासायचं काम सरांकडे होतं. तपासणी यंत्रच करायचं. रोज सकाळी यंत्र ठरलेले प्रश्न खिडकीला विचारायचं आणि आलेलं उत्तर आपल्याजवळच्या उत्तराशी ताडून पाहायचं. जुळलं तर पडद्यावर हिरवं, नाही जुळलं तर लाल.

आता यात भाषेचं काय काम? तर सरांचा आग्रह असा होता की यंत्राने काय तपासायचं, ते साध्या मराठी वाक्यांत लिहिलेलं असावं. प्रत्येक तपासणीला तीन वाक्यं. पहिलं 'समजा'ने सुरू होणारं, दुसरं 'जेव्हा'ने, तिसरं 'तेव्हा'ने. कल्पना चांगली होती. ती चांगली होती म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनतं, त्या माणसांना ते वाचून कळावं, याहून सभ्य विचार मी त्या क्षेत्रात दुसरा ऐकला नाही. पण चांगला विचार अशा माणसाच्या हाती लागला, ज्याला त्या विचारापेक्षा स्वतःचा आवाज आवडत होता.

समजा-जेव्हा-तेव्हा हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पाण्याच्या फिल्टरवर त्यांच्या अक्षरात चिकटवलेलं होतं, 'समजा ग्लास रिकामा आहे. जेव्हा नळ उघडतो. तेव्हा ग्लास भरावा.' नळ तीन महिने बिघडलेला होता. माझ्या वाढदिवशी मी आत आले तर ते दारात कागद घेऊन उभे. "समजा मॅडमचा वाढदिवस आहे. जेव्हा त्या ऑफिसात येतात. तेव्हा त्यांना आनंद व्हावा." आणि मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहत थांबले. मी सवयीने हसले. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढून कागदावर खूण केली आणि जागेवर जाऊन बसले. केक वगैरे नव्हता.

त्यांच्या खिशाला एक हिरवं पेन आणि एक लाल पेन असायचं. टेबलामागे खिळ्याला शाळेत टोल देतात तशी पितळी थाळी टांगलेली होती. सकाळची सगळी तपासणी हिरवी आली की ते उठून लाकडी हातोडीने तीन टोल द्यायचे. खालचा चपलांचा दुकानदार सुरुवातीला धावत वर आला होता, आग लागली समजून. "हिरवं म्हणजे हिरवं," सर त्याला म्हणाले. "अजून काय पायजे?" त्याला जिना परत उतरायचा होता, एवढंच पाहिजे होतं.

मे महिन्यात नागपुरात काय होतं ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. त्या महिन्यात दुपारी तीन वाजता सर कूलर बंद करायचे, कारण वाक्यवाचन सुरू व्हायचं. नवी लिहिलेली वाक्यं ते मोठ्याने वाचत आणि आम्ही ऐकत. कूलरच्या आवाजात 'न' आणि 'नये' कळत नाही, हे त्यांचं कारण. घामाने कागद हाताला चिकटायचे. कुणी प्रश्न विचारला की ते वाक्य खाली ठेवत आणि दुखावल्यासारखं म्हणत, "ज्या वाक्याचा अर्थ विचारावा लागते, ते वाक्य माझं नाही." त्यामुळे अर्थ कुणी विचारत नसे. प्रश्न विचारणारा वर्ग आणि गप्प बसणारा वर्ग यांतला कोणता शिकतो, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. पण त्यांनी मला ते कधी विचारलं नाही.

आणि देवरावांची परीक्षा. देवराव म्हणजे आमच्या जिन्याच्या तोंडाशी चहाची गाडी लावणारे गृहस्थ, साठीचे, मितभाषी. सर म्हणायचे, देवरावला समजलं तर सगळ्या विदर्भाला समजलं. म्हणून प्रत्येक नवी तपासणी घेऊन ते खाली उतरत, गिऱ्हाइकांच्या मधोमध उभे राहत आणि कागद वाचत. वाचून झालं की विचारत, "समजलं ना गा, देवराव?"

"समजलं, साहेब."

की हिरवी खूण.

एकदा मी शेजारी उभी होते. दूध उतू जायला आलं होतं, चार माणसं ग्लास मागत होती. सरांचं दुसरं वाक्य संपायच्या आत देवराव म्हणाले, "समजलं, साहेब, समजलं."

"सर," मी म्हणाले, "तिसरं वाक्य तर अजून तुम्ही वाचलंच नाही."

"पाहा, मॅडम!" सरांचा चेहरा उजळला. "इतकं सोपं लिहितो मी!"

या कारभारात माझं काम शुद्धलेखन आणि वाक्यरचना पाहायचं. माझ्यानंतर कागद स्नेहलकडे जायचा. स्नेहल ही सावनेरची मुलगी, पंचवीस-सव्वीसची, धंतोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. यंत्राला मराठी थोडीच येते. 'समजा अमुक आहे' असं लिहिलं, तर अमुक म्हणजे सॉफ्टवेअरमधली कोणती गोष्ट, हे कुणीतरी बसून जोडून द्यावं लागतं. तसं जोडायचं काम ती करायची. कागदावर शब्द जो असेल, त्या शब्दाला ती तार जोडणार. कामाला चोख मुलगी. माझ्याशी 'आजी' म्हणून बोलायची आणि दुपारी माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची, हे मला आवडायचं.

तिच्या वडिलांचा किडनीचा आजार याच काळात वाढला. ते कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, भारदस्त मिशांचे, कमी बोलणारे. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सावनेरहून बसने रामदासपेठेतल्या एका डायलिसिस केंद्रात यायचे, चार तास खुर्चीवर काढायचे आणि परत जायचे. योगायोग असा की त्याच केंद्राचं वेळा देण्याचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसने बनवायला घेतलं. रुग्णाने मोबाइलवरून वेळ मागायची, खिडकीने ती द्यायची. स्नेहलने घरी सांगितलं, तेव्हा तिच्या वडिलांनी म्हणे सगळ्या वॉर्डात मोबाइल दाखवला, "हे आमच्या पोरीनं बनवलं."

आता नीट वाचा, कारण सगळं दोन शब्दांवर फिरतं.

सरांनी केंद्रासाठी वाक्यं लिहायला घेतली. ज्याचा ठरलेला दिवस हुकला, त्याला लगेच नवी वेळ मिळाली पाहिजे. ही सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. त्यासाठी त्यांनी लिहिलं, 'समजा रुग्णाची पाळी चुकली आहे.' आणि ते वाक्य त्यांनी भर वाचनात, बायकांसमोर, गंभीर आवाजात वाचलं. स्नेहलने ओढणी तोंडात कोंबली. मी हसले, मोठ्याने हसले, आणि म्हणाले, "सर, मग त्याला डायलिसिस कशाला, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवा." सगळं ऑफिस हसलं. सरांनी कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. त्या वाक्याच्या जागी त्यांनी दुसरं वाक्य कधी लिहिलंच नाही. रुसले. माझ्या हसण्याचा यात वाटा आहे, तो मी नोंदवून ठेवते.

दुसरी तपासणी साधी होती. रुग्ण खुर्चीवर आहे, डायलिसिस सुरू आहे, आणि त्याच वेळी त्याने चुकून मोबाइलवर नवी वेळ मागितली, तर ती देऊ नये. यासाठी सरांनी त्यांच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या, बोलीत लिहिलं, 'समजा रुग्णाचं डायलिसिस होऊन राहिलं आहे.' मग बोटं मोजली. सहा शब्द. पेन्सिल उचलली आणि 'होऊन' कापला.

उरलं, 'समजा रुग्णाचं डायलिसिस राहिलं आहे. जेव्हा तो नवी वेळ मागतो. तेव्हा नवी वेळ देऊ नये.'

प्रत्येकी पाच शब्द. सरांना ते फार देखणं वाटलं.

नागपूरच्या बोलीत 'होऊन राहिलं' म्हणजे चालू आहे. आणि नुसतं 'राहिलं' म्हणजे, नागपुरात काय अन् पुण्यात काय, करायचं राहून गेलं. एका शब्दाने अर्थ उलटा झाला होता. माझ्याकडे कागद आला, तेव्हा खोडलेला शब्द अजून दिसत होता. मी समासात लिहिलं, 'होऊन?' सरांनी ते रबराने पुसलं. "मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. आपली भाषा तुमच्या कानाले लागत नाही."

हे मला झोंबलं. माझी आई 'का'ऐवजी 'काहून' म्हणायची, 'मला'ऐवजी 'मले' म्हणायची. ते सगळं मी शाळेतल्या सिस्टरांच्या धाकाने जिभेवरून पुसलं होतं आणि ते कुणी बोलून दाखवलेलं मला आवडत नाही. मी म्हणाले, "ठीक आहे, सर," आणि पुढचा कागद घेतला. खरं सांगायचं तर माझा वाद भाषेसाठी होता. खुर्चीवरचा किंवा खुर्ची न मिळालेला माणूस त्या वेळी माझ्या मनातही आला नाही.

स्नेहलने कागद वाचला. केंद्रातल्या नर्सच्या पडद्यावर बटणं होती, त्यांतल्या एकावर लिहिलेलं होतं 'राहिलं', म्हणजे आजचं डायलिसिस झालंच नाही. तिने वाक्यातलं 'राहिलं' त्या बटणाला जोडलं. दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी तपासणी लाल आली, कारण सॉफ्टवेअर शहाणं होतं. ज्याचं राहिलं, त्याला ते वेळ देत होतं. वाक्य म्हणत होतं, देऊ नये.

मी माझ्या टेबलावर होते. पलीकडून आवाज येत होते.

"सर, पण राहिलं असेल तर वेळ द्यायला पाहिजे ना?"

"वाक्य वाच."

"वाचलं, सर. म्हणून तर—"

"मराठी नाही येत का वं तुले? लाल आलं म्हणजे प्रोग्राम चुकला. वाक्य चुकत नसते. हिरवं कर."

मी उठले नाही. स्नेहलला वाटलं, केंद्राचा तसा नियम असेल, लोकांनी दिवस चुकवू नये म्हणून. तिचे वडील तर एकही दिवस चुकवत नसत. तिने प्रोग्राम बदलला. बरोबर चालणारी गोष्ट वाक्याशी जुळावी म्हणून चुकीची केली. सगळं हिरवं आलं. सरांनी खाली जाऊन देवरावांना वाचून दाखवलं, देवराव म्हणाले, "समजलं, साहेब," आणि वर येऊन सरांनी तीन टोल दिले.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत दिसत होतं. मग एका गुरुवारी सकाळी, टोलचा नाद अजून थाळीत असताना, स्नेहलचा फोन वाजला. तिची आई. स्नेहलने नेहमीसारखा फोन खांद्यात धरला आणि टंकत राहिली. मग टंकायची थांबली. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, तेव्हा पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येऊ लागला.

"तुझ्या बाबांले दम लागून राहिला, माय. पाय हे असे सुजले."

"काहून? मंगळवारी गेले नव्हते का?"

"कुठी जातीन? बस बंद पडली ना रस्त्यात. मंगळवारचं राहिलं. तवापासून नवा टाइम मागून राहिले, तर मोबाइल नाही म्हणते. केंद्रात फोन लावला तं ते पोरगी बी म्हणते, कॉम्प्युटर नाही म्हणून राहिला."

"अन् तू मला आज सांगतेस?"

"तुझे बाबाच नको म्हणत होते. पोरगी कामात असन म्हणे."

स्नेहलने पडद्यावर ती तीन वाक्यं उघडली. तिने मोठ्याने वाचलं, "समजा रुग्णाचं डायलिसिस राहिलं आहे… तेव्हा नवी वेळ देऊ नये." मग माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे मीच जोडलं."

"अगं, तिथे 'होऊन' होतं," मी म्हणाले. "होऊन राहिलं. खुर्चीवर असलेल्या माणसासाठी होतं ते."

ती सरांकडे वळली. सर आपल्या जागी हातोडी हातात घेऊन उभे होते.

"ते तं आहेच," सर म्हणाले. "होऊन. ते समजून घ्यायचं असते."

ज्या माणसाने दीड वर्ष कुणाला अर्थ विचारू दिला नव्हता, तो म्हणत होता, समजून घ्यायचं असते. मी म्हणाले, "सर, एका माणसाला श्वास घेता येत नाहीये." आणि त्यांनी काय करावं? ते वाकले, पडदा नीट पाहिला, वर पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या गोंधळलेल्या आवाजात म्हणाले, "पण हिरवं आहे, मॅडम."

त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो काही उरलासुरला आदर होता, तो त्या चार शब्दांत संपला.

शेजाऱ्यांची गाडी करून बाबांना थेट केंद्रात आण, असं स्नेहलने आईला सांगितलं, आणि आम्ही दोघी जिना उतरून ऑटोत बसलो. सावनेरहून गाडी यायला तास लागणार होता. तेवढ्यात खुर्ची मोकळी ठेवून घ्यायची, एवढंच आमच्या हातात होतं. स्नेहल वाटेत मोबाइलवर आपलं सॉफ्टवेअर उघडून बसली होती, त्यात वडिलांचं नाव, आणि त्यापुढे 'नवी वेळ देता येत नाही.'

काउंटरवरच्या मुलीने पडदा पाहिला. "यांना वेळ नाही दाखवत, मॅडम. उद्या शुक्रवारी आहे त्यांचं. उद्याच या."

"काहून नाही?" मी ओरडले.

माझ्या तोंडून तो शब्द पन्नास वर्षांनी निघाला. आईच्याच सुरात निघाला. काउंटरवरची मुलगी दचकली, आणि आतून एक जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेली नर्स बाहेर आली.

"काय झालं वं, माय?"

स्नेहलने सांगितलं. मंगळवारचं राहिलं, दम लागला आहे, गाडीत आहेत.

"राहिलं ना? मग?" नर्स काउंटरवरच्या मुलीकडे वळली. "राहिलं तं बसवा लागीन ना. कॉम्प्युटरले काय किडनी हाय? तीन नंबरची खुर्ची कुणाले देऊ नको. डॉक्टरले फोन लाव." आणि आत जाता जाता म्हणाली, "या महिन्यात हे असंच होऊन राहिलं. मी म्हटलं, नवा नियम आला का काय."

म्हणजे आणखीही कुणी परत गेले होते. हे ऐकून स्नेहल बाकावर बसली.

तिच्या वडिलांना गाडीतून उतरवलं, तेव्हा त्यांच्या मिशांमधून घाम गळत होता आणि त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, खुर्चीवर घेतलं, यंत्र सुरू झालं. दोन-अडीच तासांनी त्यांचा श्वास जरा खाली बसला. आम्ही काचेच्या दारातून आत गेलो. स्नेहल त्यांच्या पायाशी उभी राहिली, सुजलेल्या पायाला हात लावला आणि रडायला लागली.

"बाबा, दुसऱ्याच दिवशी इथे यायचं ना. इथे येऊन भांडायचं."

ते तुटक तुटक बोलले. "आई तुझी म्हणत होती, जाऊ म्हणून. मी म्हटलं, हे आपल्या पोरीनं बनवलं. ते नाही म्हणते तं… काही कारण असन."

मी बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिले.

स्नेहलने त्याच बाकावर बसून, लॅपटॉप मांडीवर ठेवून, प्रोग्राम पूर्वी होता तसा केला. परवानगी मागितली नाही. केंद्रातून यादी मागवून, ज्यांना नकार गेला होता त्या प्रत्येकाला तिने स्वतः फोन केला. सरांचे तिला चार फोन आले, ते तिने घेतले नाहीत. तपासणी लाल झाल्याचं यंत्राने त्यांना कळवलं होतं.

तिचे वडील आता बरे आहेत. दोनदा येतात, खुर्चीवर बसतात, परत जातात. हे मी मध्येच सांगून टाकते, कारण नाहीतर तुम्ही काळजी करत पुढचं वाचाल.

सोमवारी सरांनी वाचन ठेवलं. क्षमा मागतील, असं मला वाटलं होतं. इतक्या वयात मला अजून असं वाटतं. त्यांनी कूलर बंद केला आणि सांगितलं की चूक 'राहिलं' या शब्दाची आहे, त्याला दोन अर्थ असायला नको होते. सबब तो शब्द ऑफिसात बंद. कुणीतरी विचारलं की मग 'चालू आहे' असं लिहायचं का. सर म्हणाले, "ते पुस्तकी होते. देवरावले विचारावं लागीन."

"चला, विचारू," मी म्हणाले. कागद मीच उचलला. ऑफिसात पहिल्यांदाच मी कुणाच्या टेबलावरून न विचारता काही उचललं. स्नेहल मागून आली, आणि सर तिच्या मागून.

दुपारची वेळ, गाडीवर गर्दी नव्हती. देवराव ग्लास विसळत होते. मी तीच जुनी तीन वाक्यं सावकाश वाचली. रुग्णाचं डायलिसिस राहिलं आहे. तो नवी वेळ मागतो. नवी वेळ देऊ नये.

सर माझ्यामागून म्हणाले, "समजलं ना गा, देवराव?"

"समजलं, साहेब."

"बघा, मॅडम."

"थांबा," मी म्हणाले. "देवराव, काय समजलं?"

हा प्रश्न मी वर्गात तीस वर्षांत किती वेळा विचारला असेन? फार नाही. मीही 'समजलं?' असंच विचारायची आणि साठ मुलं 'हो' म्हणायची.

देवरावांनी ग्लास उपडा ठेवला आणि हात पुसले. आपल्याला हे विचारलं जाईल, अशी त्यांची अपेक्षा नसावी. ते थोडे संकोचले. मग म्हणाले, "समजलं, पण पटलं नाही, बाई. ज्याचं राहिलं त्याले टाइम द्या ना बाई. नाही काहून म्हणता?"

"मग तेव्हाच साहेबांना का नाही सांगितलं?" स्नेहलचा आवाज फाटला.

"मले वाटलं, साहेबांचा काही नियम असन." ते तिच्याकडे बघत राहिले. "मले कोणी काही विचारलं का, पोरी? समजलं का म्हणून विचारत होते. समजत तं होतं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात पोटाशी होता आणि डाव्या हाताचं बोट अंगठ्यापासून एकेका बोटावर सरकत होतं. ज्याचं, राहिलं, त्याले, टाइम, द्या. करंगळी संपली. मग परत पहिल्या बोटापासून. ना. बाई.

"सात," ते पुटपुटले. "दोन कापावे लागतीन."

देवरावांनी ग्लासात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"कापा, साहेब," ते म्हणाले. "पण या टाइमले मले विचारून कापा."